आज आपा बंद

आमच्या कचेरीत मंगळवारी अकराच्या सुमारास कुणी चहा मागवत नसे. मागवला तर तो हमखास गार व्हायचा. डेअरीचं सकाळचं दूध गोळा करणं आटोपलेलं असायचं, संध्याकाळच्या दुधाला अवकाश असायचा, आणि नेमक्या अशा निवांत वेळी नसीम आपा कुणाकडेही न बघता चालू सिस्टिममधला एक भाग बंद करून टाकायच्या. कोणता, ते सांगायच्या नाहीत. मग आमची जी पळापळ व्हायची ती खुर्चीत मागे रेलून, पायातला बूट अर्धवट काढून, शांतपणे बघत बसायच्या.

"आपा, काय बंद केलं तेवढं तरी सांगा," पहिल्या वेळी मी काकुळतीला येऊन म्हणालो होतो.

"राऊत, उद्या खरंच बंद पडलं तर ते तुमाला सांगून पडणार हाय का?" त्या म्हणाल्या.

ती कचेरी अजून बीडमध्येच आहे. आपा मात्र आता हैदराबादला असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो आमच्याशिवाय फारसा कुणाला ठाऊक नाही.

कचेरी जालना रोडवर, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने मुकाट्याने थांबायचं. आम्ही आठ-नऊ जण तिथं सॉफ्टवेअर लिहितो. आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, मूळचे याच जिल्ह्यातले, पण राहायला पुण्यात. बीडच्या पोरांना बीडमध्येच काम मिळावं अशी त्यांची हौस होती. हौस भाड्याच्या दृष्टीनेही परवडणारी होती, हे आपलं माझं मत.

नसीम बागवान यांना त्यांनीच आणलं. हैदराबादच्या एका बड्या कंपनीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. वडिलांची नजर कमी झाली, आई एकटी पडली, म्हणून त्या बीडला परत आल्या होत्या. घर पिढीजात फळवाल्यांचं. सलवार-कमीझवर करडी ओढणी, पायात पळायचे बूट, आणि स्कूटी अशी चालवायच्या की शेजारून जाणारा रिक्षावालासुद्धा अदबीने बाजूला व्हावा. आपलं टेबल स्वतःच पुसायच्या. कुणाच्या डब्यात फळ दिसलं की विचारल्याशिवाय हातात घ्यायच्या, अंगठ्याने दाबायच्या आणि "आज खा, उद्या फेकावं लागंल" असं सांगून परत ठेवायच्या. लग्नाबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. वयाने त्यांच्या खालोखाल मी होतो. याचा अर्थ एवढाच की बोलणी खाण्यात माझा पहिला नंबर होता.

काम होतं एका डेअरीचं. माजलगावच्या बाजूला गावोगाव तिची दूध-संकलन केंद्रं आहेत. माणूस कॅन घेऊन येतो, दुधाचं माप होतं, फॅट लागते, त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो आणि पंधरवड्याला बिल निघतं. हे सगळं आमचं जुनं सॉफ्टवेअर एकटंच करायचं. एकच अगडबंब प्रोग्राम. त्यामुळे मेसेज पाठवणारा भाग अडला की मापही अडायचं. डेअरीच्या केंद्रांचा कारभार बघणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे बप्पा म्हणत. ते फोन करायचे आणि नेहमीच्या शांत आवाजात विचारायचे, "मेसेज ग्येला न्हाई मनून दूध नासू द्यायचं का, तेवढं सांगा."

आपांना आणलं ते हा अगडबंब फोडायला. मापाचं काम एका छोट्या प्रोग्रामने करायचं, फॅटचं दुसऱ्याने, मेसेजचं तिसऱ्याने, बिलाचं चौथ्याने. प्रत्येक सर्व्हिस वेगळी, आपल्या पायावर उभी. एक आडवी झाली तरी बाकीच्यांनी चालत राहायचं. हे प्रोग्राम चालायचे दूर मुंबईत, भाड्याच्या मशिनींवर, ज्याला क्लाउड म्हणतात. पुस्तकात हे चार ओळींचं काम आहे. प्रत्यक्षात आमच्या सगळ्यांच्या सवयी आड यायच्या.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरण्याची. बिलाच्या सर्व्हिसला मापाचे आकडे हवे असले तर तिने मापाच्या सर्व्हिसकडे ते रीतसर मागायचे. पण आम्ही थेट मापाच्या साठ्यात हात घालायचो, कारण ते सोपं. आपांना हे दिसलं की त्या खुर्चीवरून उठायच्या.

"माळवदावरून उडी मारून आलात का? दार कशाला ठेवलंय? दारात उभं ऱ्हायचं, कडी वाजवायची, मागायचं. दिलं तर घ्यायचं."

ज्यांनी मराठवाड्यातली जुनी गावं पाहिली आहेत त्यांना कळेल. माळवदाला, म्हणजे घरावरच्या सपाट मातीच्या छपराला, माळवद लागलेलं असतं, आणि एका टोकाचं पोरगं खाली न उतरता दुसऱ्या टोकाला जाऊन कुणाच्याही स्वयंपाकघरात उतरतं. आमचा कोड तसाच होता. 'माळवद' हा शब्द पुढे कचेरीत शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

बप्पांचं आणि आपांचं मात्र पहिल्या भेटीतच जमलं. ते कचेरीत आले, आपांनी फळ्यावर चौकोन काढून सगळं समजावलं. बप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं पटलं. दूध आमच्याकडं, मशीन मुंबईला, अन् तुमी बीडात. मधी लाइन तुटली मंजी?"

 आपा हसल्या. "बप्पा, हा सवाल मी हैदराबादमधी नव्या पोरांना विचारायचे. अर्ध्यांना सुचायचा न्हाई."

"सुचायचं काय त्यात? आमच्याकडं लाइन रोजच तुटती."

त्यावरून ठरलं की केंद्रावरच्या मशिनीने माप आपल्यापाशी लिहून ठेवायचं आणि लाइन आली की पुढे धाडायचं. दूध कशासाठीही थांबायचं नाही. बप्पांनी एवढं एकच मागितलं होतं आणि आपांनी ते कबूल केलं होतं.

आता आमच्या हातून घडलेला पराक्रम सांगायला हवा. आपांचं म्हणणं होतं की प्रत्येक सर्व्हिसचा साठा, म्हणजे डेटाबेस, वेगळा हवा. आम्हा सगळ्यांचं म्हणणं होतं की प्रोग्राम वेगळे करू, पण डेटाबेस एकच ठेवू. माहिती एका जागी असली की कटकट नसते. यात आळस होता, पण नुसता आळस नव्हता. आम्ही झाडून सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. प्रत्येकाच्या घरी चुलत्यांमध्ये रान वाटलेलं, मध्ये बांध घातलेले, आणि विहीर सामाईक. आज तुमची मोटार, उद्या आमची. जन्मापासून हेच बघितलेलं असल्यामुळे सर्व्हिसची वाटणी करतानाही आम्ही तेच केलं आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आपा एकट्या विरोधात होत्या. "मला शेती न्हाई, हीर न्हाई, आमच्या घरी नळ हाय," त्या म्हणाल्या. "पण हे चुकतंय." आम्ही हटलो नाही. मुदत जवळ आली होती. शेवटी त्यांनी पेन्सिल टेबलावर टाकली. "करा. बघा मग."

बघायला फार दिवस लागले नाहीत. पंधरवड्याच्या बिलांचं काम एकदा सकाळीच सुरू झालं आणि त्याने डेटाबेस इतका उपसला की बाकी कुणाच्या वाट्याला काही उरलंच नाही. फॅटवाली सर्व्हिस अडली, मग माप अडलं, आणि केंद्रावरची मशीन लाइन असूनही उत्तर येईना म्हणून ताटकळत बसली. लाइन तुटली तर काय करायचं ते आम्ही तिला शिकवलं होतं. लाइन असून पलीकडचा गप्प राहिला तर काय, ते शिकवलं नव्हतं. गावोगाव माणसं कॅन घेऊन उन्हात उभी. आम्ही जो तो आपापल्या सर्व्हिसमध्ये डोकं घालून बसलो होतो. कुठं काय अडलंय हे फक्त आपांना दिसलं आणि त्यांनीच ते सोडवलं.

दुसऱ्या दिवशी बप्पा कचेरीत आले. मीच त्यांना घडला प्रकार सांगितला. 

"रान वाटून घेतलं अन् हीर एकच ठेवली व्हय?" ते म्हणाले. "कुठल्या जिल्ह्यात ऱ्हाता रे पोरांनो? कोर्टाच्या पायरीवर घटकाभर बसून बघा की. हिरीच्या भांडणाशिवाय दुसरं काय कानावर यील का?"

 मग ते आपांकडे वळले. "बाई, तुमाला हे म्हाईत व्हतं?"

"हौ."

"मंग कावून गप बसलात?"

  पोरं पडल्याशिवाय शिकत नाहीत असं आपा मानायच्या. पण पडलो होतो आम्ही, आणि दूध नासलं होतं दुसऱ्यांचं. त्याच दुपारी त्या बप्पांच्या जीपमध्ये बसून केंद्रावर गेल्या. तिथं लोकांनी जे काही सुनावलं ते उभ्याने ऐकून घेतलं आणि अंधार पडायच्या आत परत आल्या. हे मला पुढे बप्पांनी सांगितलं. "करा, बघा मग" हे शब्द मात्र त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत.

आम्ही डेटाबेस वेगळे करायला घेतले, आणि पुढच्या मंगळवारपासून ते बंद पाडण्याचं सत्र सुरू झालं. बप्पांना आधी सांगावंच लागलं. ते फोनवर म्हणाले, "दुभत्या म्हशीला उगी कावून डिवचायचं?" आपांनी त्यांना आपल्या अब्बांची गोष्ट सांगितली. अब्बा रोज सकाळी दुकानात प्रत्येक पेटी उपडी करायचे आणि एकेक सीताफळ हातात घेऊन बघायचे. शेजारचे दुकानदार हसायचे, म्हणायचे, अशाने चांगला मालही दबतो. अब्बा म्हणायचे, थोडा दबतो, पण नासका माल गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या हाताला लागतो. बप्पा म्हणाले, "बरं, डिवचा. पण धारंच्या टायमाला न्हाई."

सर्व्हिस बंद पडली की ज्याने ती लिहिली त्याने हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी उभी करायची, असा आपांचा नियम होता. यातून प्रतीक्षा पुढे आली. ही केजची मुलगी, रोज एसटीने यायची-जायची. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली होती ती एवढ्याच अटीवर की मुक्कामाला घरी आलं पाहिजे. बोलायची कमी, पण तिचं डोकं मात्र वस्तऱ्यासारखं चालायचं. दोन महिन्यांत अशी वेळ आली की आपा एखादी गोष्ट बंद करायच्या आणि प्रतीक्षा डब्यातला घास हातात तसाच धरून सांगायची, "फॅट ग्येलं."

एवढं सुरळीत चाललं असताना साहेबांचा पुण्याहून फोन आला. दूध नासल्याचं प्रकरण त्यांच्या भागीदारांच्या कानांवर गेलं होतं आणि त्यांनी एकच मुद्दा धरला होता. त्या सकाळी फक्त एका बाईला कळलं, बाकीचे नुसते बघत होते. म्हणजे बीडची कचेरी एका माणसावर उभी आहे. ते माणूस उद्या गेलं तर? त्यापेक्षा सगळ्यांना पुण्याला घ्यावं. साहेबांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली होती.

त्या संध्याकाळी कुणी वेळेवर घरी गेलं नाही. माझी बायको माजलगाव तालुक्यात शाळेवर शिक्षिका आहे, तिची बदली पुण्याला होण्यातली नाही. बाकीच्यांची अशीच काही ना काही अडचण.  प्रतीक्षापुरतं गणित सरळ होतं. कचेरी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की घरात आधीच येऊन पडलेली दोन स्थळं.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता आपांनी आपला मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"आज मी बंद," त्या म्हणाल्या. "हाय असं समजू नका. काय ते तुमी बघा."

आम्हाला गंमत वाटली. ती दहा मिनिटं टिकली. त्यांनी आधीच काहीतरी बंद करून ठेवलं होतं. बिलाची सर्व्हिस उठेना. प्रतीक्षाने कारण शोधून काढलं, पण दुरुस्तीसाठी लागणारा पासवर्ड फक्त आपांकडे होता. मेसेजची सर्व्हिस कुठल्या मशिनीवर हलवली आहे, ते फक्त आपांना ठाऊक होतं. डेअरीत कुणाला विचारायचं, तेही त्यांनाच. जिकडे जावं तिकडे वाट त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबत होती, आणि टेबलामागे त्यांची नुसती पाठ.

शेवटी प्रतीक्षा म्हणाली, "आपा, डेटाबेस वेगळे केले खरे. पण सामाईक हीर तर तुमीच हायत."

खुर्ची फिरली. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण आपा चक्क हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसू ओसरल्यावर त्यांनी ओढणीने चेहरा पुसला आणि ड्रॉवरची चावी प्रतीक्षाच्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनी स्वतःला वाटायला काढलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. जे जे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं ते दोघा-दोघांच्या डोक्यात घालायचं, मग त्यांना एकमेकांना समजावून सांगायला लावायचं, आणि आपण मागे उभं राहून चुका ऐकायच्या. डेअरीच्या लोकांशी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. रचनेचं प्रतीक्षाकडे. मंगळवारी 'आपा बंद' आधी तासभर असायचं, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. समोर पाण्याच्या टाकीवर पारवे असायचे.

मला एक गोष्ट दिसत होती आणि ती मी एकदा जिन्यात त्यांना स्पष्ट विचारली. "आपा, हे सगळं पुरं झालं की इथं तुमची गरज उरणार नाही. ध्यानात येतंय ना?"

"राऊत, मला काय दूधखुळी समजता?" त्या एक पायरी खाली उभ्या होत्या. "मला हैदराबादमधी कुणीबी घेईल. त्या पोरीला कोण घेईल? तिचा बाप एसटीच्या पुढं जाऊ देत न्हाई."

"आणि अब्बा?"

 "भाई हाय इथं. बघंल." मग पुढच्या दोन पायऱ्या उतरून, माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाल्या, "अन् माझ्याशिवाय चालत न्हाई असं काम मी बांधलं, असं कुणी म्हणलं तर मला शरम वाटंल."

याला त्याग म्हणायचं की कारागिराचा अहंकार, यावर मी बराच विचार केला. दोन्ही होतं, असं माझं मत आहे. नुसत्या त्यागाने माणूस इतकं नीट काम करत नाही.

उन्हाळ्यात साहेब आले. सोबत पुण्याचे दोघं भागीदार, एसी नसलेल्या खोलीत घामाघूम. साहेबांनी सांगितलं, परीक्षा घ्यायची. काय बंद पाडायचं ते भागीदार ठरवणार, आणि तेवढा वेळ आपांनी साहेबांबरोबर बाहेर जेवायला जायचं, फोन इथं ठेवून. आपांनी फोन ठेवला आणि गेल्या.

भागीदारांपैकी एकजण जाणकार होता. त्याने एकाच वेळी दोन गोष्टी पाडल्या, मेसेज आणि बिल. आमची थोडी धांदल झाली. मग प्रतीक्षाने आवाज न चढवता कामं वाटून दिली आणि मी बप्पांना फोन करून सांगितलं की मेसेज उशिरा जातील, माप चालू आहे. ते म्हणाले, "माप चालू हाय ना? मंग निवांत करा." आपा जेवून येईपर्यंत सगळं उभं होतं. जाणकार भागीदाराने आपली वही मिटली.

साहेब खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, एक स्पष्ट सांगा. उद्या तुम्ही नसलात तर हे चालेल?"

 आपा म्हणू शकल्या असत्या की अजून वर्षभर लागेल, पोरं नवी आहेत. त्यात अगदीच खोटं असं काही नव्हतं. कचेरी कदाचित वर्षभर राहिली असती, आणि त्याही. प्रतीक्षा टेबलाच्या कडेला नख घासत होती. मला वाटलं, त्यांनी आत्ता थोडं खोटं बोलावं. अगदी मनापासून वाटलं.

"चालंल," आपा म्हणाल्या. "महिना झाला, चालतंयच. मी नुसती बसते."

कचेरी बीडमध्येच राहिली. पंधरा दिवसांनी साहेबांचा आपांना फोन आला. तो त्यांनी गॅलरीत जाऊन घेतला. भागीदारांचं म्हणणं असं होतं की कचेरी त्यांच्यावाचून चालत असेल तर बीडला एवढ्या मोठ्या हुद्द्याची गरज काय, त्यांनी पुण्याला यावं. साहेबांना बोलताना जड गेलं असावं, कारण आपाच त्यांची समजूत घालत होत्या. पुणं त्यांनी नाकारलं. जायचंच तर ओळखीच्या गावी जाईन, म्हणाल्या.

हे कळल्यावर बप्पा संतापले. कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला. फोन मीच घेतला होता, पण आपांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बप्पा, कुणी काढलं न्हाई मला. साहेबांनी विचारलं, चालंल का. मीच म्हणले, चालंल."

पलीकडून बप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आपा बराच वेळ नुसत्या "हौ, हौ" करत होत्या.

शाल-श्रीफळाची भानगड त्यांनी होऊ दिली नाही. शेवटच्या दिवशी टेबल पुसलं, प्रतीक्षाला म्हणाल्या, "उद्यापासून इथं बस, तिथं ऊन येतं," आणि जिना उतरल्या. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याच्यासाठी मध्ये थांबल्या. प्रतीक्षा त्या टेबलावर बसायला आठवडाभर तयार नव्हती.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. पावसाळा संपत आला होता. मी केजच्या बाजूच्या एका नव्या केंद्राच्या कामाला निघालो होतो आणि मांजरसुंब्याला फाट्यावरच्या ढाब्यापाशी थांबलो. हैदराबादकडे जाणारी एक बस चहापाण्याला उभी होती. बाहेरच्या बाकावर करडी ओढणी दिसली. आई-अब्बांना भेटून त्या परत निघाल्या होत्या. मला बघून त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली.

अब्बांचं विचारलं. आता अजिबात दिसत नाही, म्हणाल्या, पण आवाजावरून सगळ्यांना ओळखतात. मी कचेरीचं सांगितलं. डेअरीची केंद्रं वाढली, तालुक्याबाहेर गेली. प्रतीक्षाच्या हाताखाली आता चौघं आहेत आणि तिच्या वडिलांनी स्थळं बघणं तूर्त थांबवलं आहे. आपा लक्ष देऊन ऐकत होत्या. कामाबद्दल एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. मला ते जरा विचित्र वाटलं.

बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि मग थांबल्या.

"राऊत, एक विचारू? मी गेल्यावर कदी अडलं का? म्हणजे, आपाला फोन लावावा, असं वाटलं का कुणाला?"

मी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"नाही, आपा. कुठं अडलंच नाही."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. हवं होतं तेच उत्तर होतं ते, आणि ऐकताना त्यांचा चेहरा जो उतरला तोही मी पाहिला. मला फार वाईट वाटलं.  त्यांनीच ओढणी सारखी केली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"खोटं बोलला असतात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

खिडकीजवळची त्यांची जागा माझ्याच बाजूला होती. बस सुरू होता होता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दुसरा कान बोटाने बंद केला आणि माझ्याकडे बघून हात हलवायचा तो अर्धाच हलवला.

"हौ, बोलो," त्या फोनवर कुणाला तरी विचारत होत्या. "किधर अटका?"

मग बस केजच्या रस्त्याला लागली.